ताठ कण्याला जपा



कमरदुखी आणि मानदुखी नाही असे घर आज शोधून सापडायचे नाही. आजीची कमर, अम्मीचे गुडघे, दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या भावाची पाठ. बाम चोळायचा, शेक घ्यायचा, गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे, हा आपला नेहमीचा रिवाज. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण पाठीचे एक दुखणे असे आहे की ते असलेल्या माणसाच्या बाबतीत हा रिवाज धोक्याचा ठरू शकतो. साधे घसरून पडणे त्याला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. त्या दुखण्याचे नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस.

नाव लांबलचक आहे, पण ते नीट लक्षात ठेवायला हवे. कारण 'मला स्पॉन्डिलायटिस आहे' असे आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात. त्यांतील बहुतेकांना वयोमानाने होणारी मणक्यांची झीज असते. ते वेगळे आणि हे वेगळे. झिजेचा त्रास सहसा उतारवयाकडे झुकताना होतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा संधिवाताचा प्रकार असून तो ऐन तारुण्यात, बहुधा विशी-तिशीत सुरू होतो.

मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. परंतु आमच्या शाळेच्या परिवारातील एका घरावर या आजारामुळे जे गुदरले ते जवळून पाहिले, नंतर त्याविषयी वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले. ते सगळ्या घरांपर्यंत पोहोचावे म्हणून या महिन्याचे पान त्यासाठी.

मनका आणि मणका

उर्दूत 'मनका' म्हणजे माळेचा मणी आणि मराठीत 'मणका' म्हणजे पाठीचे हाड. आमच्या वर्गातल्या मुलांना मी हे शब्द शेजारी-शेजारी लिहून दाखवते, कारण पाठीचा कणा समजायला याहून सोपी वाट नाही. तसबीहचे मणी जसे एका दोऱ्यात ओवलेले असतात, तसे मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ मणके एकावर एक रचलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. म्हणून आपण वाकतो, वळतो, मागे पाहतो. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेली, साधारण करंगळीएवढी जाड अशी एक दोरी खाली जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. हात हलवण्याचा हुकूम, पाय उचलण्याचा हुकूम, लघवी-संडासवरचा ताबा, त्वचेला होणारा स्पर्श, हे सर्व या दोरीतून येते-जाते.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. कमरेच्या खाली, जिथे कणा ओटीपोटाच्या हाडांना जोडलेला असतो, तिथे सूज सुरू होते आणि हळूहळू वर चढते. सूज येते, जाते, पुन्हा येते. आणि त्या जागी नवे हाड तयार होऊ लागते. कित्येक वर्षांनी काही रुग्णांचे मणके एकमेकांना पूर्ण सांधले जातात. एक्स-रेमध्ये असा कणा पेरांच्या बांबूसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला 'बांबू स्पाइन' म्हणतात. हे काही आजचे दुखणे नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर नावाच्या आयरिश वैद्याने फ्रान्समध्ये सापडलेल्या एका मानवी सांगाड्याचे वर्णन लिहून ठेवले. त्यात ओटीपोटाची हाडे, कमरेचा भाग आणि १५ मणके मिळून एकच सलग हाड झालेले होते.

बांबू नव्हे, खडू

बांबू म्हटले की आपल्या मनात मजबुती येते. बांबू वाकतो पण मोडत नाही. हा कणा मात्र नेमका उलटा असतो. तो वाकत नाही आणि चटकन मोडतो. याचे कारण असे की सततची सूज आणि हालचाल थांबल्यामुळे मणके आतून पोकळ, ठिसूळ होत जातात. बाहेरून जोडकाम पक्के, आत मात्र भुसभुशीत. अशा कण्याच्या मोडण्याला डॉक्टरांच्या भाषेत एक नाव आहे आणि ते आम्हा शिक्षकांच्या रोजच्या हातातले आहे: खडूचे मोडणे. खडू जमिनीवर पडला की आडवा, सरळ तुटतो आणि त्याचे दोन तुकडे वेगळे होतात. सांधलेला कणा असाच आरपार तुटतो.

निरोगी माणूस पडला तर धक्का अनेक मणक्यांत आणि गाद्यांत वाटला जातो. माळ झटका खाते आणि सावरते. सांधलेला कणा म्हणजे एक लांब काठी. तिच्या टोकाला साडेचार-पाच किलो वजनाचे डोके. पडताना डोके मागे फेकले गेले की सगळा जोर एकाच जागी येतो. ही जागा बहुतेक वेळा मानेच्या खालच्या भागात, पाचव्या ते सातव्या मणक्याच्या आसपास असते. हाड तुटले की त्याचे टोक सरकते आणि मधली दोरी, म्हणजे मज्जारज्जू, चेमटते. कधी हाड फारसे सरकत नाही, पण आत रक्त साचते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी ते मज्जारज्जूवर दाब देते.

धोका किती? फिनलंडमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अपघाती मज्जारज्जू-इजेचे प्रमाण या रुग्णांत सर्वसामान्य लोकांच्या ११ पटींहून अधिक आहे. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००९ मध्ये कणा मोडलेल्या अशा ३४५ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. त्यांतील बहुतेकांना मोठा अपघात झालेला नव्हता. किरकोळ पडणे, घसरणे एवढेच निमित्त. तरीही सुमारे दोन तृतीयांश रुग्णांमध्ये दवाखान्यात आणले तेव्हाच मज्जारज्जूला किंवा नसांना इजा झाल्याची लक्षणे होती. कित्येकांचे निदान उशिरा झाले. कधी रुग्णच उशिरा आला, कधी डॉक्टरांच्या ध्यानात आले नाही.

सहा दिवस

हे आकडे मला एरवी आकडेच वाटले असते. पण आमच्या शाळेतील एका सरांच्या थोरल्या भावाच्या घरी ते सहा दिवसांत खरे झाले. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता लिहिते.

भाईजानचे वय पन्नाशीचे. कापडाचे छोटे दुकान. बाविसाव्या वर्षापासून पाठ धरलेली. पुढे पाठ वाकली, मान खाली झुकली. समोरच्याशी बोलताना ते फक्त डोळे वर करून पाहत. मोहल्ल्यात सगळ्यांना ते तसेच माहीत होते. पावसाळ्यात एके पहाटे फजरसाठी उठले, वजू करून अंगणाच्या पायरीवर आले आणि पाय घसरला. बसल्यासारखे पडले, डोके मागे भिंतीला लागले. स्वतःच उठले. नमाज पढली, दुकान उघडले.

संध्याकाळी मान दुखू लागली. भाभींनी बाम लावला, शेक दिला. "पाठ तर तीस वर्षांपासून दुखतेय, हे काय नवीन आहे का," असे म्हणून भाईजान झोपले. दुसऱ्या दिवशी घरच्यांना एक नवल दिसले. त्यांचा चेहरा थोडा वर आला होता. ज्या माणसाला समोरची भिंत दिसत नव्हती, त्याला घड्याळ दिसू लागले. भाभी मला नंतर म्हणाल्या, "बाजी, आम्हाला वाटलं अल्लाहने मान मोकळी केली."

तिसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या. सदऱ्याचे बटण लागेना. जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे मानेचा एक्स-रे काढला आणि सांगण्यात आले, की जुनाच आजार आहे, नवीन काही दिसत नाही. गोळ्या घेऊन घरी आले. सहाव्या रात्री लघवी अडली आणि पाय उचलेनात. मोठ्या शहरातल्या इस्पितळात सीटी स्कॅन झाले तेव्हा कळले, की मानेच्या सहाव्या आणि सातव्या मणक्यामध्ये कणा आरपार तुटला आहे. मान मोकळी झाली नव्हती, मोडली होती.

शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. आज भाईजान चाकाच्या खुर्चीवर आहेत. कोपर आणि मनगट हलते, बोटे पुरती वळत नाहीत. रोज दोन-तीन तास दुकानात बसतात. मुलगा कापड मोजतो आणि हिशेब ते तोंडी सांगतात.

यातून काय शिकायचे

या सहा दिवसांत कोणीही हयगय केली नाही. घरच्यांचे प्रेम कमी नव्हते. कमी होती ती माहिती. ती माहिती आता आपण मनात पक्की करून घेऊ.

पहिली गोष्ट: ज्याचा कणा सांधलेला आहे त्याला पडल्यानंतर, गाडीचा झटका बसल्यानंतर किंवा कुठेतरी आपटल्यानंतर मानेत वा पाठीत नवीन दुखणे सुरू झाले, तर ते हाड मोडल्याचे दुखणे समजूनच वागावे. तपासणीने 'मोडलेले नाही' असे सिद्ध होईपर्यंत हेच धरून चालावे. 'जुनेच दुखते आहे' हे वाक्य त्या घरात त्या दिवशी कोणी उच्चारू नये. जुने दुखणे आणि नवे दुखणे यांतील फरक रुग्णाला कळतो. जागा वेगळी असते, कळ वेगळी असते, हालचालीने वाढते. त्याला विचारा आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवा.

दुसरी: वर्षानुवर्षे न हललेली मान किंवा पाठ अचानक हलू लागली, वाकलेला माणूस एकाएकी सरळ दिसू लागला किंवा उलट जास्तच वाकला, तर ती खुशखबर नाही. सांधलेले हाड आपोआप मोकळे होत नाही. ते मोडते तेव्हाच हलते.

तिसरी: साधा एक्स-रे पुरेसा नसतो. हाडे ठिसूळ असल्याने फोटो फिकट येतो, नव्या हाडांच्या गर्दीत भेग दिसत नाही आणि मानेच्या अगदी खालचा भाग खांद्यांच्या सावलीत लपतो. म्हणून अशा रुग्णाचे सीटी स्कॅन करतात आणि मज्जारज्जूची किंवा साचलेल्या रक्ताची शंका असल्यास एमआरआयही. शिवाय एका जागी हाड मोडलेले सापडले म्हणून तपासणी थांबवायची नसते, कारण त्याच कण्यात दूर दुसरीकडेही मोडलेले असू शकते. पूर्ण कणा पाहावा लागतो. डॉक्टरांशी अदबीने पण स्पष्ट बोला: "यांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, कणा सांधलेला आहे, पडल्यानंतर नवीन दुखते आहे. सीटी स्कॅन करता येईल का?" यात कोणाचा अपमान नाही. गर्दीच्या वेळी समोरच्या डॉक्टरांना हे एक वाक्य मदतच करते.

चौथी: हातापायांना मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे, अंगातून विजेसारखी कळ जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

उचलण्याची घाई नको

आपल्या मोहल्ल्यात माणूस पडला की चार हात लगेच धावतात. ही आपली दौलत आहे. पण इथे त्या हातांनी थोडे थांबायचे आहे.

वाकलेल्या मानेच्या माणसाला उताणे, सपाट झोपवले की डोके हवेत लोंबकळते आणि मान मागे ताणली जाते. तुटलेल्या खडूची दोन टोके तिथेच उघडतात. अपघातग्रस्ताला सपाट फळीवर घेणे आणि मानेला कडक पट्टा लावणे ही इतर रुग्णांसाठीची पद्धत आहे. सांधलेल्या वाकड्या मानेला तीच पद्धत जशीच्या तशी वापरली तर इजा वाढू शकते. नियम एकच: पडण्याच्या आधी त्याची मान जशी असायची, तशीच ठेवायची. डोक्याखाली उशा, घडी केलेली रजई किंवा चादरी हव्या तेवढ्या रचा. दोन्ही बाजूंना टेकण द्या. सरळ करण्याचा प्रयत्न करू नका. बसते करू नका, पाणी पाजायला डोके उचलू नका. श्वास नीट चालू आहे ना, तेवढे सतत पाहा. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि ती आल्याबरोबर पहिले वाक्य हेच सांगा, की यांची मान आजारामुळे आधीपासूनच वाकलेली आहे. रिक्षात कोंबून किंवा दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. हलवावेच लागले तर चार-पाच जणांनी मिळून, डोके-मान-पाठ एकाच रेषेत धरून, एका वेळी हलवा. आज्ञा एकानेच द्यायची, ती डोके धरणाऱ्याने.

दवाखान्यात मोडलेला कणा जोडण्यासाठी बहुधा मागच्या बाजूने वर-खाली अनेक मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना सळ्यांनी बांधतात. एक गोष्ट भूलतज्ज्ञांना आधी सांगायची असते. मान मागे झुकत नसल्याने अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असते. त्यासाठी दुर्बिणीची खास नळी लागते. कमरेतून भूल देणेही कठीण, कारण सुई शिरायला मणक्यांमध्ये फट उरलेली नसते. म्हणून हर्नियाचे ऑपरेशन असो की पित्ताशयाचे, तारीख ठरतानाच हा आजार सांगावा. ऐन टेबलावर नव्हे.

घरातली आणि रस्त्यावरची काळजी

हाड मोडल्यावर काय करायचे ते पाहिले. त्याहून चांगले म्हणजे पडूच न देणे.

मोरी आणि संडास हे घरातले सर्वांत धोक्याचे कोपरे. साबणाचे पाणी लगेच ओढून टाका. भिंतीला धरायला दांडा बसवा. गावातला वेल्डर तो स्वस्तात करून देईल. कमोड किंवा कमोडची खुर्ची ठेवा. रात्री आणि फजरच्या वेळी वाटेवर एक छोटा दिवा चालू असू द्या. दुमडलेल्या चटया, सतरंजीचे कोपरे, जानमाजच्या झालरी, विजेच्या वायरी यांत पाय अडकतो. मान खाली झुकली तरी अशा माणसाला पायाजवळचे नेहमीच नीट दिसते असे नाही, आणि बाजूने येणारे तर दिसतच नाही. घासलेल्या तळाची चप्पल फेकून द्या.

वजू बसून करावी, पाटावर नव्हे तर पुरेशा उंचीच्या स्टुलावर किंवा बेसिनपाशी. आमच्या मशिदींच्या जबाबदार मंडळींना विनंती आहे, की वजूखान्यात एक तरी उंच बैठक, धरायला दांडा आणि न घसरणारी फरशी करून घ्यावी. म्हाताऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. रुकू-सजदा जमत नसेल त्याच्यासाठी शरीअतने बसून, इशाऱ्याने नमाजची सवलत ठेवलेली आहे. सलाम फिरवताना मान वळत नसेल तर ती जोर लावून वळवू नये. बारीकसारीक मसला आपल्या इमामसाहेबांना विचारावा. पण 'लोक काय म्हणतील' म्हणून जमिनीवर वाकण्याचा अट्टहास कोणी करू नये आणि खुर्चीवरच्या माणसाकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये.

आता एक अगदी नेहमीची गोष्ट. केस कापून झाले की आपल्याकडे कारागीर डोक्याला मालिश करतो आणि दोन्ही हातांनी मान धरून कडकन मोडतो. गिऱ्हाईकही मजेत डोळे मिटून घेते. सांधलेल्या मानेला हा एक झटका पुरे आहे. अशा व्यक्तीने न्हाव्याकडे बसतानाच सांगावे, "मान मोडायची नाही." पाठीवर पाय देणे, हाडवैद्याकडून मणका 'बसवून' घेणे, झटके देऊन ताणणे, हे सगळे वर्ज्य. व्यायामाला मनाई नाही. उलट या आजारात व्यायाम औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. छाती फुलवणारे श्वसनाचे व्यायाम, पोहणे, चालणे, सावकाश ताण देणे चांगले. मात्र ते फिजिओथेरपिस्टकडून, आपल्या कण्याची अवस्था दाखवून शिकावे.

प्रवासात गाडीचा हेडरेस्ट डोक्याच्या मागे बरोबर टेकेल असा लावा. डोके आणि टेकण यांत पोकळी राहत असेल तर घट्ट उशीने भरा. सीट-बेल्ट शहरातही लावा. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसू नका. खड्ड्यात सर्वांत मोठा धक्का तिथे बसतो. मान वळत नसेल तर दुचाकी चालवण्याचा मोह सोडलेला बरा; चालवायचीच तर दोन्ही आरसे आणि हेल्मेट हवेच. हज-उमराला जाणाऱ्यांनी गर्दीत चाकाची खुर्ची घेण्यात संकोच करू नये. ढकलाढकलीत पडणे त्यांना परवडणारे नाही.

हाडांची घनता तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा. इथे एक गोम आहे. सांधलेल्या कण्यावर नवे हाड चढलेले असल्याने कण्याची घनता मोजली तर आकडा फसवा, चांगला येऊ शकतो. म्हणून खुब्याच्या हाडाची घनता पाहतात. 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी असेल तर भरून काढा. तंबाखू आणि बिडी-सिगारेट बंद. ती या आजाराला आणि हाडांना, दोघांनाही खाते.

वेळेवर ओळखले तर

कणा सांधण्यापर्यंत गोष्ट जाऊच नये यासाठी घरातल्या तरुणांकडे लक्ष द्या. चाळिशीच्या आतल्या मुलाची वा मुलीची कमर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते. पहाटे दुखून जाग येते. सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त अंग आखडलेले असते. आणि विशेष म्हणजे आराम केल्याने वाढते, हालचालीने कमी होते. ही या आजाराची खूण आहे. साध्या कमरदुखीत बहुधा उलट असते. मधूनमधून एक डोळा लाल होऊन दुखतो, उजेड सहन होत नाही, हीदेखील खूण असू शकते. मुलींच्या बाबतीत हे दुखणे 'अशक्तपणा' किंवा 'बाळंतपणाची कमर' म्हणून वर्षानुवर्षे टाळले जाते. अशा वेळी संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

रक्ताची एचएलए-बी२७ ही तपासणी मदत करते, पण ती 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे आजार झालाच असे नाही. असे बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात. आज सूज आवरणारी चांगली औषधे आहेत. जैविक इंजेक्शनेही आली आहेत, ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. महाग आहेत, पण आता भारतीय बनावटीचीही मिळतात.

इजा झालीच तर

मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे माणूस संपला, ही समजूत मनातून काढून टाकायला हवी. पुढची लढाई घरात लढायची असते. दर दोन तासांनी कूस बदलणे, म्हणजे पाठीला व टाचांना जखमा होत नाहीत. लघवीची नळी स्वच्छतेने, शिकवल्याप्रमाणे हाताळणे. या आजारात बरगड्यांचे सांधेही आखडलेले असतात, छाती फुलत नाही. त्यामुळे कफ साचून न्यूमोनियाचा धोका मोठा. श्वसनाचे व्यायाम म्हणून रोजच्या रोज. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे; अशा रुग्णांचे पुनर्वसन, साधने आणि प्रशिक्षण हेच तिचे काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. त्याचा अर्ज करायला लाजू नका, तो हक्क आहे.

आणि सेवा करणाऱ्या बाईचाही विचार करा. रात्री दर दोन तासांनी उठणारी भाभी दिवसा स्वयंपाकही करते. नात्यातल्यांनी भेटायला जाताना फळे न्यावीत, पण एक रात्र तिच्या जागी जागावे. ते फळांपेक्षा मोठे आहे.

कापून खिशात ठेवा

खालचा मजकूर आपल्या घरातील अशा व्यक्तीसाठी जाड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावरही त्याचा फोटो लावा. बोलता येत नसेल तेव्हा हा कागद बोलेल.

*मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. माझा कणा सांधलेला व ठिसूळ आहे. माझी मान आधीपासून अशीच आहे, ती सरळ करू नका. डोक्याखाली उशा देऊन आहे तशीच ठेवा. पडल्यानंतर मान किंवा पाठ दुखत असेल तर हाड मोडले आहे असे समजा. एक्स-रेवर थांबू नका, पूर्ण कण्याचे सीटी स्कॅन किंवा एमआरआय करा. श्वासनलिकेत नळी घालणे अवघड आहे, भूलतज्ज्ञांना कळवा. घरचा फोन: ...*

आपल्या ओळखीत वर्षानुवर्षे पाठ ताठ किंवा वाकलेली असलेला एखादा माणूस नक्की असेल. दुकानदार, मामा, मशिदीतल्या पहिल्या सफमधले चाचा. हे पान वाचून बाजूला ठेवण्याआधी त्यांच्या घरी जा, त्यांना आजाराचे नाव विचारा आणि नाव हेच निघाले तर हा कागद स्वतःच्या हाताने लिहून द्या. दहा मिनिटांचे काम आहे. अल्लाह सर्वांना आफियत देवो.